पहिली दोन मिनिटे

१४ एप्रिल म्हटले की महाराष्ट्राला पहिल्यांदा बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. त्याच दिवशी अग्निशमन दलाचे जवान आपल्या गेलेल्या सहकाऱ्यांना मानवंदना देतात, याची मात्र फार थोड्यांना आठवण असते. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे मालवाहू जहाज स्फोटाने फुटले. शेकडो माणसे मेली, सुमारे ८० हजार लोक बेघर झाले, आणि आग विझवायला गेलेल्या मुंबई अग्निशमन दलातील ६६ जण परत आले नाहीत. म्हणून हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि पुढे २० एप्रिलपर्यंत अग्निसुरक्षा सप्ताह चालतो.

त्या स्फोटाची हकीकत निघाली की आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटांची गोष्ट हमखास सांगितली जाते. आम्हाला त्याआधीचे दोन तास जास्त महत्त्वाचे वाटतात. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजावर कराचीहून कापसाच्या गाठी चढवल्या होत्या. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर लावलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या खणातून धूर येत असल्याचे कळले. बंब आले, खणात नऊशे टनांहून जास्त पाणी ओतले गेले, पण दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. जहाजाच्या पत्र्यालगतचे पाणी उकळू लागले. जहाज तिथेच बुडवायचे, बाहेर समुद्रात न्यायचे की पाणी मारत राहायचे, यावर अधिकाऱ्यांचे एकमत होईना. सर्वांना ऐकावाच लागेल असा हुकूम देणारा एकही माणूस तिथे नव्हता. जहाज सोडून द्या हा आदेश ३ वाजून ५० मिनिटांनी निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा.

ज्वलनशील माल आणि स्फोटक माल एकत्र ठेवलेला, धोक्याची खूण नाही, आग लक्षात यायला उशीर, आणि लक्षात आल्यावर काय करायचे ते ठरवणारे कोणी नाही. युद्धकाळातल्या जहाजाची ही स्थिती आज आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांमध्ये, कापडाच्या गोडाउनांमध्ये आणि बाजारपेठांतल्या पोटमाळ्यांवर जशीच्या तशी सापडते. फरक एवढाच की तिथे हातात दोन तास होते. थिनर, फोम, प्लॅस्टिक, कापूस, पुठ्ठा यांच्यामध्ये काम करणाऱ्या माणसाला जेमतेम दोन मिनिटे मिळतात.

गेल्या काही वर्षांतले अपघात आठवून पाहा. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाचीत साड्यांच्या दुकानात रात्री झोपलेले पाच कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होते. जून २०२१ मध्ये पिरंगुटला रसायनांच्या कारखान्यात पंधराहून अधिक कामगार जळून मेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याला केकवर लावायच्या फुलबाज्या-मेणबत्त्या भरणाऱ्या बायका होरपळल्या. त्याच महिन्याच्या अखेरच्या रात्री वाळूजला हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात झोपेत असलेले सहा कामगार गेले. मे २०२५ मध्ये सोलापूरला अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आठ जीव गेले, त्यांत मालकाचे कुटुंबही होते. ठिकाणे वेगळी, माल वेगळा, कारणेही वेगळी. पण आगीशी पहिली गाठ पडते ती पॅकिंग करणाऱ्या बाईची, हेल्परची, रात्री तिथेच झोपणाऱ्या परगावच्या मुलाची आणि वॉचमनची. नेमके हेच लोक अग्निसुरक्षेच्या आपल्या सगळ्या व्यवस्थेतून गळालेले आहेत. या सप्ताहात आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्याबद्दल.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, असा दोनदा द्यायचा असतो. कारखाना अधिनियमाच्या ३८व्या कलमात तर कित्येक दशकांपूर्वीच लिहिले गेले की आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा सर्व कामगारांना माहीत असल्या पाहिजेत आणि अशा वेळी काय करायचे याचे पुरेसे प्रशिक्षण त्यांना मिळालेले असले पाहिजे. सर्व कामगारांना. त्यात कायमचा आणि कंत्राटी असा भेद नाही, दिवसपाळी आणि रात्रपाळी असाही नाही. व्यवहारात मात्र दाखला फाईलमध्ये लागतो, लाल सिलिंडर खिळ्याला लागते, आणि काल ठेकेदाराने आणलेल्या मुलाला ते सिलिंडर कशासाठी आहे हेही कोणी सांगत नाही. माणसे कमी असलेले गाळे तर कारखान्याच्या व्याख्येतही बसत नाहीत.

म्हणून ते लाल सिलिंडर नीट समजून घेऊ. त्यात काही अवघड नाही, पण जीव वाचवणारे आणि जीव घेणारे बारकावे आहेत.

दुकानांत आणि कारखान्यांत बहुतेक ठिकाणी दिसते ते एबीसी पावडरचे सिलिंडर. लाकूड-कागद-कापड, पेट्रोल-थिनरसारखे द्रव आणि गॅस या तिन्ही प्रकारच्या आगींवर ते चालते, विजेच्या उपकरणावरही वापरता येते. पॅनेलजवळ, सर्व्हर रूममध्ये काळ्या भोंग्याचे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असते. ते काही घाण करत नाही, मशिन खराब करत नाही, पण त्याने वस्तू थंड होत नाही, त्यामुळे विझलेली आग पुन्हा पेटू शकते. साध्या पाण्याचे सिलिंडर कापड-कागदासाठी उत्तम, विजेसाठी आणि तेलासाठी घातक. हॉटेलच्या भटारखान्यात कढईने पेट घेतला तर पहिला हात पाण्याकडे जातो, आणि अनेक आचारी त्या पाण्यानेच भाजतात. तापलेल्या तेलात गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा व्यापते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. तिथे गॅस बंद करून कढईवर झाकण टाकणे हाच उपाय, आणि झाकण ती थंड होईपर्यंत उचलायचे नाही. पावडरचा जोरदार फवारा जवळून तेलात मारला तरी तेल उसळते.

आता वापर. सिलिंडर हातात घेण्याआधी तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. आधी मोठ्याने ओरडायचे, म्हणजे आतल्या सगळ्यांना कळेल आणि ते बाहेर निघू लागतील. मग हात पोचत असेल तर मेन स्विच किंवा गॅसचा कॉक बंद करायचा. आणि कोणाला तरी नाव घेऊन सांगायचे की १०१ ला फोन लाव. नाव घेऊन सांगणे महत्त्वाचे आहे, कारण दहा माणसे उभी असली की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने लावला असेल.

सिलिंडर उचलल्यावर आधी सील तोडून पिन ओढायची. पिन ओढताना खटका दाबलेला असला तर ती अडकते आणि घाबरलेला माणूस आणखी जोराने दाबतो. अनेकांची पहिली दहा-पंधरा सेकंदे तिथेच जातात. मग आगीपासून दोन-तीन मीटरवर उभे राहायचे, उघड्यावर असेल तर वारा पाठीशी घेऊन. बाहेर पडायचे दार पाठीमागे असले पाहिजे, आग आणि दार यांच्यामध्ये आपण असलो पाहिजे. नळीचे तोंड ज्वाळेवर नाही, ज्वाळेच्या बुडाशी धरायचे, जिथे वस्तू जळते आहे तिथे. मग खटका दाबून अंगण झाडताना केरसुणी फिरवतो तसा फवारा डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे सरकायचे. चार-सहा किलोचे सिलिंडर फार तर पंधरा-वीस सेकंदांत रिकामे होते. ही गोष्ट कळलेली माणसे फार थोडी असतात, बाकीच्यांना वाटते ते बराच वेळ चालेल. पहिले पाच सेकंद हवेत गेले तर हातात उरते ते थोडेच. शक्य असेल तर दोघांनी दोन सिलिंडर एकाच वेळी वापरावीत. विझल्यासारखी वाटली तरी आगीकडे पाठ फिरवायची नाही, तिच्याकडे बघतच मागे यायचे.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा भोंगा हाताने धरायचा नाही. आतून निघणारा वायू इतका थंड असतो की कातडी भोंग्याला चिकटून जळते. आणि लहान बंद खोलीत तो वापरला की लगेच बाहेर यायचे, कारण तो आगीचा श्वास तोडतो तसा माणसाचाही तोडतो. गॅसच्या नळीला किंवा सिलिंडरला लागलेली आग कॉक बंद करता येत नसेल तर विझवायलाच जायचे नाही. ज्वाळा विझली आणि गॅस गळत राहिला तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो, कोपऱ्यात साठतो आणि दूरच्या एखाद्या ठिणगीने खोलीच उडवतो. बॅटरीवरच्या स्कूटरी आता कारखान्याच्या आतच चार्जिंगला लावलेल्या दिसतात. लिथियम बॅटरी एकदा आतून तापली की पावडरने वरची ज्वाळा दबते, आतली उष्णता दबत नाही, आणि ती पुन्हा पेटते. तिथे माणसे बाहेर काढणे एवढेच काम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला अशा स्कूटरींच्या शोरूममध्ये आग लागली आणि वरच्या लॉजमधली आठ माणसे गेली, तेव्हा धूर जिन्याने वर चढला होता.

इथे येते सर्वांत कठीण शिकवण, म्हणजे सोडून देण्याची. कंबरेपेक्षा उंच झालेली, छताला पोचलेली आग एका सिलिंडरने विझत नाही. एक सिलिंडर रिकामे झाले आणि आग तशीच असेल, धूर छातीपर्यंत उतरला असेल, किंवा परतीची वाट अरुंद होऊ लागली असेल, तर सिलिंडर तिथेच टाकून निघायचे. मालकाचा माल वाचवायला थांबलेल्या कामगाराला आपण नंतर इमानदार म्हणतो आणि त्याच्या घरच्यांच्या हाती काही हजारांचा धनादेश देतो. त्याला आधी कोणीतरी सांगायला हवे होते की जा, माल जाऊ दे. हे सांगण्याचे काम मालकाचे आहे. कामावर घेतानाच, पहिल्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने. सुपरवायझरला विचारल्याशिवाय जागा सोडायची नाही अशी शिस्त जिथे आहे, तिथे आगीच्या वेळी ही शिस्त लागू नाही हे स्वच्छ शब्दांत बोलले गेले पाहिजे. गोदीतल्या त्या दुपारी जहाज सोडायचा हुकूम वेळेवर द्यायला कोणी नव्हते. कारखान्यात तो हुकूम प्रत्येकाच्या हाती आधीच देऊन ठेवता येतो.

आगीत बहुतेक माणसे भाजून मरण्याआधी धुराने मरतात. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमधल्या आगीत चौदा जण गेले, त्यांतले कित्येक आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. जळत्या फोमचा, रेक्झिनचा, प्लॅस्टिकचा धूर दोन-चार श्वासांत माणसाची शुद्ध घालवतो. म्हणून जमिनीलगत वाकून निघणे आणि लिफ्टऐवजी जिन्याने उतरणे हे अंगात मुरलेले हवे. आणि जिना मोकळा हवा. आपल्याकडे जिना म्हणजे रिकामी खोकी, जुनी मशिन, ऑफिसची सायकल आणि दिवाळीनंतर उरलेला माल ठेवायची जागा झाली आहे. मागचे दार चोरीच्या भीतीने कुलूपबंद आणि किल्ली शेठच्या घरी. चोरीची भीती खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण आतून ढकलले की उघडणारे आणि बाहेरून न उघडणारे दार बाजारात मिळते. रात्री आत माणूस झोपणार असेल तर बाहेरून कुलूप लावणे हा गुन्हा मानला पाहिजे, आग लागो वा न लागो.

प्रतिबंधाच्या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणून त्या लांबवत नाही. पण काही गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या धोका वाटतच नाहीत. एमसीबी पडला की कारण न शोधता पुन्हा वर करणे, फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार बांधणे, एका एक्स्टेंशन बोर्डवर इस्त्री, हीटर आणि पंखा लावणे. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये मोटारीवर आणि ट्यूबलाइटच्या पट्टीवर कापसाची रुई साचते. सुटीच्या दिवशी बाहेरच्या वेल्डरला बोलावून, खाली पुठ्ठे असताना, वर काम करवून घेतले जाते. त्या वेल्डिंगची ठिणगी तासभर धुमसून रात्री पेटते, त्यामुळे वेल्डिंग आटोपल्यावर निदान अर्धा-एक तास एका माणसाने तिथे लक्ष ठेवून थांबले पाहिजे. संध्याकाळी दुकान बंद करताना देवापुढचे निरांजन तेवत ठेवून जाणेही यातच येते. देवघरासमोर विजेचा छोटा दिवा लावला तर देव रागावणार नाही.

अग्निशमन दलाच्या माणसांचा विचारही इथेच करायला हवा, कारण हा दिवस त्यांचा आहे. ९ मे २०१५ ला काळबादेवीला आग विझवताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. जवान जळत्या इमारतीत शिरतो तो आत कोणी अडकले असेल म्हणून. फाटकापाशी उभा राहून कोणी खात्रीने सांगू शकला की 'आज पाळीत एकतीस माणसे होती, एकतीसही बाहेर आहेत', तर त्या जवानाला आत शिरायची गरज उरत नाही. हे सांगता यायला एक हजेरीची वही पुरते, तिच्यात ठेकेदाराची माणसे आणि आज आलेला वेल्डरही असला पाहिजे, आणि बाहेर जमायची जागा ठरलेली असली पाहिजे. आपल्या किती कामाच्या ठिकाणी अशी वही आग लागल्यावर हाती लागेल? बहुतेक ठिकाणी ती आतल्या टेबलाच्या खणात असते.

या सप्ताहात शहरोशहरी प्रात्यक्षिके होतील. मैदानात ट्रेमध्ये डिझेल पेटवून जवान ती आग विझवून दाखवतील, शाळकरी मुले टाळ्या वाजवतील, व्यवस्थापकांचे फोटो निघतील. त्यात वाईट काही नाही. पण जी बाई उद्या पॅकिंगच्या टेबलावर एकटी असणार आहे तिने सिलिंडर उचलून पाहिलेले नसते. सहा किलो पावडरचे सिलिंडर डब्यासकट नऊ-दहा किलो भरते, ते खांद्याच्या वर टांगलेले असते, आणि तिची उंची तिथे पोचत नाही. सिलिंडर कुठे, किती उंचीवर आणि किती वजनाचे असावे हे ठरवताना तिला विचारले तर दोन आणि चार किलोची लहान सिलिंडर जास्त संख्येने लावावीत हे आपोआप सुचेल. सूचनाफलक इंग्रजीत असतो, आणि खाली काम करणाऱ्यांत सोलापुरात तेलुगू बोलणारे, भिवंडीत भोजपुरी आणि उडिया बोलणारे असतात. चित्रांचा फलक आणि त्यांच्याच पाळीतला एखादा शिकलेला सोबती हे काम कोणत्याही भाषणापेक्षा चांगले करील.

शिकवायला खर्च येतो, ही सबब फार ऐकू येते. तिच्यावर एक साधा उपाय आहे. सिलिंडर मुदत संपल्यावर पुन्हा भरायला जाते तेव्हा आतली जुनी पावडर नाहीतरी काढूनच टाकायची असते. एजन्सीचा माणूस सगळी सिलिंडर टेम्पोत घालून नेतो आणि नवा स्टिकर लावून आणतो. त्याऐवजी ती पाळीपाळीने अंगणात न्यावीत, पत्र्याच्या ट्रेमध्ये लहानशी आग करावी, जाणकार माणूस बाजूला उभा करावा, आणि ज्यांनी कधी पिन ओढलेली नाही अशांच्या हाती ती द्यावीत. रिकामी झालेली सिलिंडर त्याच दिवशी भरायला पाठवावीत आणि तोवर बदली सिलिंडर टांगलेली असावीत. यात मालकालाही एक गोष्ट कळेल, ती म्हणजे टांगलेल्या सिलिंडरांपैकी किती खरोखर चालतात. प्रेशरचा काटा हिरव्यात असूनही पावडर दमटपणाने गोळा होऊन बसलेली असू शकते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो, ते भरलेले आहे की नाही ते वजन करूनच कळते.

जानेवारी आणि जुलैचा दाखला देताना परवानाधारक संस्थांनी पाइप आणि पंप तपासावेतच, पण एवढे आणखी करावे. पाळीवर असलेल्यांतून कोणत्याही चौघांना बोलवावे आणि प्रत्येकाला विचारावे, सिलिंडर कुठे आहे, पिन कशी ओढायची, बाहेरचे दार कोणते, १०१ ला पत्ता काय सांगायचा. एमआयडीसीतल्या गाळ्याचा नेमका पत्ता तिथे राबणाऱ्या अनेकांना माहीत नसतो. प्लॉट नंबर, ब्लॉक, कोणत्या कंपनीच्या समोर, हे दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. चौघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही तर दाखला थांबवावा. त्यासाठी कायद्यात नवे कलम लागत नाही, दाखल्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवला तरी पुरे. राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाने तो जुलैच्या फेरीपासून वाढवावा, आणि उद्योजकांच्या संघटनांनी त्यासाठी आपल्या सभासदांची रात्रपाळीची यादी स्वतःहून पुढे ठेवावी.